गोधडी हातानेच का शिवायची?

वर कुणीतरी विचारलंय ना की मशीनवर पटकन होतं ते हाताने कशाला, तर अहो सगळी मजा त्या धावदोऱ्यातच आहे :) आत जुन्या मऊ सुती साड्यांचे थर, वरचं कापड घरी रंगवलेलं, मी डाळिंबाच्या सालीत पिवळं करते नाहीतर हिरड्यात भिजवून गंजक्या लोखंडाच्या पाण्यात बुडवून करडं (हळदीच्या नादी लागू नका, उन्हात उडते), आणि मग कडेपासून आत आत शिवत जायचं. सुईवर चारपाच टाके एकदम गोळा करून दोरा ओढला की थर एकमेकांना धरतात न कापडावर बारीक सुरकुत्या उठतात, मशीनची शिवण त्यापुढे सपाटच वाटते मला. फक्त नवंकोरं कडक कापड आत घालू नका, बोटं सोलून निघतात!