अनुभव धागा: आमच्या घरातले भिडू

नमस्कार मंडळी,

अपंग मुलांचे पालक भेटले की थेरपी, स्प्लिंट, फिट्सची औषधं, शाळेचा प्रवेश यावर तासन्‌तास बोलतात. खेळावर मात्र कुणी बोलत नाही. खेळ म्हटलं की एकदम पॅरालिम्पिकचं पदक आठवतं, नाहीतर स्नेहसंमेलनातल्या टाळ्या. या दोन्हींच्या मधला रोजचा खेळ मला वाचायचा आहे. अंगणात, पार्किंगमध्ये, हॉलच्या फरशीवर तुम्ही मुलाबरोबर मांडलेला खराखुरा डाव. काय खेळता, नियम कसे बदललेत, काय जमलं नाही, सगळं लिहा. फक्त खेळाबद्दल लिहा, व्यायामाचे तक्ते आपल्याकडे भरपूर आहेत.

सुरुवात मीच करते.

नाशिककर आई

मुलगा चौदा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी, चारही हातपायांत ताठरपणा. बोलणं थोडं, समज पूर्ण. आम्ही बोचिया खेळतो. आधी पांढरा चेंडू टाकायचा, मग एकाचे सहा लाल आणि दुसऱ्याचे सहा निळे. ज्याचे चेंडू पांढऱ्याच्या जास्त जवळ, त्याला गुण. १९८४ पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे. ज्या मुलांना चेंडू हाताने फेकता येत नाही ती बीसी३ गटात खेळतात. खेळाडूसमोर उतरता रॅम्प असतो आणि तो सरकवायला एक मदतनीस. आमच्याकडे ती मी.

मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून राहायचं, असा नियम आहे. डाव चालू असताना वळून बघायचं नाही, काही सुचवायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. मुलगा डोळ्यांनी आणि मानेने सांगतो: डावीकडे, अजून थोडं, बास, चेंडू वर घे. तेवढंच मी करते. मग तो डोक्याला बांधलेल्या काठीने चेंडू ढकलतो. चेंडू माझ्यामागे घरंगळत जातो आणि मला दिसतो फक्त त्याचा चेहरा.

बाकी दिवसभर सगळीकडे माझीच नजर असते. घास केवढा, खुर्चीचा पट्टा कुठे रुततोय, कुठल्या बुटाने फोड येईल. इथे मात्र मैदान त्याला दिसतं, मला दिसत नाही. जवळ जाऊन थांबायचं की समोरच्याचा चेंडू उडवायचा, हे तो ठरवतो. कधी वाटतं, डावीकडे फार झालं. माझा हात रेंगाळतो आणि तो "अंऽ" करून मला दटावतो. त्या दटावण्याची मी वाट बघत असते.

स्पर्धेचं मैदान साडेबारा बाय सहा मीटरचं. आम्ही पार्किंगमध्ये जमेल तेवढं खडूने आखतो. रॅम्प म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ, खाली दोन स्टुलं.

सातारकर बाबा

ताई, ते पाठ करून राहणं वाचून थांबलो. आमचंही थोडंफार तसंच.

माझा मुलगा पूर्ण अंध. आळीतली पोरं त्याला क्रिकेटमध्ये लिंबूटिंबू म्हणून घ्यायची. पोरं चांगली होती, प्रेमाने घ्यायची. पण एके संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, "बाबा, मी कधीच आउट कसा होत नाही?"

मग मी अंधांच्या क्रिकेटचे नियम शोधले. चेंडू कडक प्लास्टिकचा, आत छर्रे, त्यामुळे तो खुळखुळत येतो. गोलंदाजी हात खालून. चेंडूचा एक तरी टप्पा खेळपट्टीच्या मध्याच्या अलीकडे पडायला हवा, म्हणजे फलंदाजाला ऐकायला वेळ मिळतो. गोलंदाज "रेडी?" विचारतो, "येस" ऐकू आल्यावर "प्ले" म्हणत चेंडू सोडतो. अकरांत पूर्ण अंध गटातले किमान चार खेळाडू लागतात आणि त्यांनी काढलेल्या धावा दुप्पट धरतात. बहुतेक फटके गुडघ्यावर बसून, स्वीप. अंधांचा पहिला टी-२० विश्वचषक २०१२ मध्ये बंगळूरला झाला. तो भारताने जिंकलाय, हे आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

तो चेंडू आणला आणि आळीत सगळ्यांसाठी तोच ठेवला. आमच्याकडे स्टंप लोखंडी. पहिल्याच आठवड्यात मी त्याला बोल्ड काढलं. खण्णकन आवाज झाला, पोरं गप्प झाली. हा चिडून म्हणाला, टप्पा मध्याच्या पुढे पडला होता. त्यावर पोरांनी बराच वेळ वाद घातला, अगदी नेहमीसारखा. शेवटी तो आउटच ठरला. अंधार पडला की बाकीच्यांना चेंडू दिसत नाही. तेव्हा त्याची बॅटिंग मागून घेतात, कारण तो टिकतो.

कोल्हापूरची आई

लेक डाउन सिंड्रोमची, पोहते. आधी एक महत्त्वाचं सांगते. या मुलांपैकी काहींच्या मानेतला वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. त्यामुळे कोलांटी, सूर, ट्रॅम्पोलिन यांच्या आधी डॉक्टरांना मान दाखवा. खेळताना मान दुखू लागली, चाल बदलली किंवा हातातली ताकद कमी वाटली, तर खेळ तिथेच थांबवून दवाखाना गाठा. आमची पाण्यात उभी उडी मारते, सूर मारत नाही.

तिच्या पप्पांना पोहता येत नव्हतं. ते तिच्याबरोबर शिकले. काठाची दांडी धरून ते पाय मारायचे आणि ही शेजारून ओरडायची, "पप्पा, पोट वर!" घरी कुणाला काही शिकवायची संधी तिला फारशी मिळत नाही. तलावावर मिळते.

ठाणेकर बाबा, सध्या मॅसॅच्युसेट्स

इथून जवळच हॉपकिंटन आहे, बॉस्टन मॅरेथॉन तिथून सुटते. तिथे डिक आणि रिक होइट या बापलेकांचा पुतळा आहे. रिकचा जन्म १९६२ चा, सेरेब्रल पाल्सी. याला संस्थेत ठेवा, असा सल्ला डॉक्टरांनी दिला होता. आईबापांनी तो ऐकला नाही. १९७७ मध्ये लकवा झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची शर्यत होती. रिकने वडिलांना सांगितलं की आपण त्यात उतरायचं. डिक काही धावपटू नव्हते. मुलाची खुर्ची ढकलत ते पळाले. घरी आल्यावर रिकने संगणकावरून सांगितलं की पळताना आपण अपंग आहोत असं वाटत नाही. पुढे दोघं मिळून हजाराहून जास्त शर्यती पळाले. बॉस्टन मॅरेथॉन ३२ वेळा, शेवटची २०१४ मध्ये. डिक २०२१ मध्ये गेले, रिक २०२३ मध्ये.

सगळे बापाचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण पळायचं मुलाने ठरवलं होतं, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तीन चाकी धावखुर्चीत बसते. वाट ती निवडते, वेगही तीच सांगते. तिला उतार आवडतात, मला चढ परत चढावे लागतात. आम्ही पळतो तेवढा वेळ घरच्या कुणी तिच्या फिजिओचा विषय काढायचा नाही, हे आमचं ठरलेलं आहे.

सांगलीचा बाबा

लिहू की नको, असं करत दोन दिवस गेले. माझ्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार. तुमच्याकडे मूल हळूहळू नवीन काही शिकतंय. आमच्याकडे दरवर्षी काहीतरी सुटतं. त्यामुळे खेळही बदलत गेला.

धावत होता तोवर क्रिकेट. पाय जड झाले तेव्हा बॅटिंग त्याची आणि रनर मी. त्याने "पळ" म्हटलं की पळायचं. रनआउट झालो तर आउट तो. फार चुकीचे कॉल द्यायचा आणि खदखदून हसायचा. खुर्ची आल्यावर कॅरम. बोर्ड खुर्चीच्या उंचीला बसेल असं टेबल सुताराकडून करून घेतलं, कोपराखाली उशी. ताकद नाही, म्हणून कोन साधतो. कड घेऊन राणी अशी काढतो की त्याची आईसुद्धा बघत राहते. ती घरातली सगळ्यात चांगली खेळाडू आणि ती त्याला मुद्दाम जिंकू देत नाही. यावरून नातेवाइकांनी तिला बोल लावलेत. तो मात्र तिच्याशीच खेळायला मागतो.

नवीन पालकांसाठी एक. या आजारात दमेपर्यंत व्यायाम, वजनं उचलणं, पुन्हापुन्हा जिना उतरणं टाळायचं असतं. स्नायू तशा ताणाने तुटतात आणि नीट भरून येत नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने कोमट पाण्यातला खेळ चालतो. "जोर लाव, जमेल," असं कौतुकाने म्हणणाऱ्यांना हे स्पष्ट सांगा.

आता स्ट्रायकरही जड जातोय. म्हणून बुद्धिबळ सुरू केलंय. तो घर सांगतो, मी मोहरं हलवतो. मला बुद्धिबळ येत नव्हतं, त्याच्यासाठी शिकलो. अजून एकदाही जिंकलो नाही. त्याला वाटतं मी मुद्दाम हरतो. तसं नाही.

सोलापूरची आजी

नात कर्णबधिर आहे. तिची आई नोकरीला जाते, मैदानावर मीच नेते. मी शाळेत खो-खो खेळलेली, म्हणून तिलाही तोच लावला. बसलेल्या गड्याला पाठीमागून हाताने स्पर्श करून खो देतात, त्यामुळे मिळालेला खो तिला कळतो. द्यायचा खो तोंडानेही म्हणावा लागतो. तो ती एवढ्या मोठ्याने म्हणते की शेजारच्या कबड्डीतली मुलं वळून बघतात. खेळताना श्रवणयंत्र काढून माझ्या पिशवीत ठेवते, घामाने बिघडतं. शिट्टी झाली की सगळ्या पोरींनी हात वर करायचा, असं त्यांनी आपापसात ठरवलंय. खांबावर सूर मारायला मी शिकवलं. करून दाखवता येत नाही आता, पण शेजारी उभी राहून हात कुठे आधी न्यायचा ते दाखवते.

नवीन सदस्य, परभणी

सगळं वाचलं. मुलगी चार वर्षांची, स्पायना बिफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला). कमरेखाली संवेदना कमी. बागेत नेलं की लोक नुसते बघत राहतात, म्हणून जाणंच कमी झालंय. सुरुवात कुठून करू?

नाशिककर आई

फरशीवरून करा, बाई. सागरगोटे, गोट्या, बसून चेंडू ढकलणं. जमिनीवर तुम्ही दोघी एका उंचीच्या होता. संवेदना कमी असल्यामुळे खरचटलेलं किंवा भाजलेलं तिला कळणार नाही. उन्हात तापलेल्या फरशीवर बसवू नका, पायात मोजे आणि लांब विजार ठेवा. खेळून झाल्यावर पावलं आणि बैठकीची जागा रोज डोळ्यांनी तपासा.

यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा. पुढे शाळेत घालाल तेव्हा खेळाच्या तासाला हिला बाकावर बसवून ठेवू नका, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३० मध्ये खेळाचा स्वतंत्र उल्लेख आहे, अर्जात तो घाला.

बागेचं म्हणाल, तर पहिले काही दिवस एकट्या जाऊ नका. शेजारची दोन पोरं बरोबर न्या आणि पोचल्या पोचल्या चेंडू बाहेर काढा.

सातारकर बाबा

चेंडू घरीच शिवा. जुन्या जीन्सचं कापड, आत नाचणी, दुहेरी शिवण. हातातून फार लांब पळत नाही, चार वर्षांच्या मुठीत मावतो. पावसाळ्यात मधूनमधून उन्हात टाका, नाहीतर किडे होतात.