मदत हवी आहे: रामनदीचा काठ खचतोय, काय लावावं?

नमस्कार मंडळी. आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी पुण्यात पाषाणला रामनदीत उतरतो. खाटपेवाडीहून निघून भुगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधला मुळेला मिळते तीच ही. निम्मे लोक तिला अजून नालाच म्हणतात. कचरा काढणं जमतं. (मागच्या खेपेला अख्खी गादी निघाली, पाणी पिऊन इतकी फुगलेली की चौघांना ओढवेना.) अडलंय ते काठावर. उन्हाळ्यात उत्साहाच्या भरात सुबाभूळ तोडली आणि पहिल्याच मोठ्या पावसात तिथली हातभर माती खचली. चूक आमचीच. वर बुंध्यांना पुन्हा फुटवे आलेत ते वेगळंच!

आता वाळुंज (नदीकाठी वाढणारं झाड) आणि वाळा (खोल मुळांचं सुगंधी गवत) लावायचा विचार आहे. वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली की फुटते, पण पहिल्या पुराच्या ओढीत टिकेल का? आधी मातीची पोती रचावीत का? आणि सांडपाणी मिसळतं तिथे वाळा तग धरतो का? कुणी ओढ्याकाठी हे केलं असेल तर सांगा. फांद्या कुठे मिळतील तेही. काँक्रीटची भिंत मात्र सुचवू नका, प्लीज.