दीडपट वेगाने पाहिलेला सिनेमा ‘पाहिला’ म्हणायचा का?

घाईत_आहे

गेल्या पंधरा दिवसांत चार सिनेमे झाले. परीक्षण वगैरे नाही, जे वाटलं ते लिहितोय.

पहिला एक रहस्यपट. खून दहाव्या मिनिटाला. खुनी मला विसाव्या मिनिटाला कळला, पोलिसांना शेवटी. कारण सोपं आहे: नट नावाजलेला आणि काम मात्र दारात उभं राहून ‘साहेब आत आहेत’ म्हणण्याचं. असा माणूस उगाच घेत नाहीत.

दुसरा युद्धपट. तोफा छान. कोण कुणाच्या बाजूने लढतंय हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि फारसं अडलंही नाही.

तिसरा ‘फँड्री’, दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी अंगावर आला होता. या खेपेला तितका नाही आला. का ते सांगता येत नाही.

चौथा ‘कोर्ट’. बरीच वर्षं राहून गेला होता. संवाद एकदम खरे. साक्षीदार बोलतो एक आणि न्यायाधीश टायपिस्टला ते आपल्या भाषेत घोटून सांगतो, तो प्रकार तर जबरदस्त. पण राव, शॉट संपतच नाहीत. माणसं बोलून निघून गेली तरी कॅमेरा आपला तिथेच, निघतो निघतो म्हणत बसून राहिलेल्या पाहुण्यासारखा. संथ म्हणजे किती संथ! आणि हे मी दीडपट वेगाने पाहून म्हणतोय. 116 मिनिटांचा सिनेमा 77 मिनिटांत संपवला, तरी.

बाळबोध

एक मिनिट. दीडपट? चारही?

घाईत_आहे

चारही. गेली दोन वर्षं हेच चाललंय. पूर्वीसारखा आवाज चिरका होत नाही, ॲप सांभाळून घेतं. दोन दिवसांत सवय होते. आता साध्या वेगात माणसं नुकतीच झोपेतून उठून बोलतायत असं वाटतं.

निवांत

मग ‘कोर्ट’बद्दलचं तुमचं मत मी विचारात घेत नाही, माफ करा. तुम्ही पाहिलात तो वेगळाच सिनेमा, आणि तो चैतन्य ताम्हाणेंनी केलेला नाही.

एखाद्याने मारवा दुप्पट लयीत ऐकला आणि ‘काय घाईघाईने गातोय हो’ अशी तक्रार केली, तर तुम्ही काय म्हणाल? तुमची तक्रार उलटी आहे, पण जात तीच. आधी वेळ मोडायची आणि मग वेळेबद्दल मत द्यायचं.

घाईत_आहे

निवांत, तुमचं नाव पाहूनच कळलं होतं की तुम्ही येणार.

मला एक सांगा, कादंबरी वाचताना निसर्गवर्णनाची दोन पानं तुम्ही कधीच उलटली नाहीत? खरं सांगा. तिथे कुणी म्हणत नाही की तुझं मत धरणार नाही. वाचकाने आपल्या वेगाने वाचावं हे सगळ्यांना मान्य. मग प्रेक्षकानेच काय पाप केलंय? पाहणारा मी, डोळे माझे, संध्याकाळही माझीच.

शिवाय ‘कोर्ट’मधलं एकही वाक्य माझं सुटलेलं नाही. परीक्षा घ्या हवी तर. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून त्या बाईंची केस न्यायाधीश ऐकूनच घेत नाही, ते पाहिलंय. सरकारी वकीलबाई कोर्टातून निघून ट्रेनने घरी जाते, स्वयंपाकाला लागते, तेही पाहिलंय. काय राहिलं?

निवांत

वाक्यांमधलं राहिलं.

पुस्तकाला स्वतःचा वेळ नसतो. तेच पान तुम्ही चार मिनिटांत वाचा, मी सहा मिनिटांत वाचीन, लेखकाने तिथे घड्याळ लावलेलं नाही. सिनेमात ते लावलेलं असतं. संकलक टेबलाशी बसून ठरवतो की हा चेहरा इतके सेकंद दिसेल, त्याहून जास्त नाही. त्या कामाचं दुसरं नावच वेळ.

तुमच्याच यादीतलं उदाहरण देते. ‘फँड्री’त जब्या आणि त्याच्या घरचे डुकरामागे धावतायत. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुकराला काही राष्ट्रगीत कळत नाही. आपण आधी हसतो. मग ते उभं राहणं चालूच राहतं आणि हसू अडकतं. आता हिशेब करा. राष्ट्रगीताला साधारण 52 सेकंद लागतात, तुमच्या वेगात ते 35 सेकंदांत उरकतं. धावणारी माणसं जास्त जोरात धावली एवढंच तुम्हाला दिसणार. थांबलेल्या माणसांचं काय? तुमच्याकडे ती कमी वेळ थांबली. त्या प्रसंगाचा जीवच थांबण्यात आहे.

‘या खेपेला तितका अंगावर आला नाही, का ते सांगता येत नाही’ असं लिहिलंयत ना, ते परत एकदा वाचा.

बाळबोध

हाणला!

अर्धी_झोप

घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, म्हणून माझा अनुभव. मी सिनेमा वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत पाहतो. मागच्या आठवड्यातला एक पाच रात्री पुरला. वेग एकदम शास्त्रशुद्ध, 24 चित्रं सेकंदाला. पण चौथ्या रात्री बायकोला विचारत होतो, हा मिशीवाला कोण?

निवांत, तुमच्या हिशेबाने मी सिनेमा पाहिला की नाही? वेळ तर मीही मोडला. उलट घाईत_आहे यांनी निदान एका बैठकीत संपवला. मला विचाराल तर माझ्यापेक्षा त्यांनी जास्त पाहिला.

निवांत

यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. बाळ झोपलं की झोपा.

शंकासुर

शुद्ध वेगाचा एवढा सोवळेपणा चाललाय म्हणून थोडी माहिती. ज्यांचं लहानपण दूरदर्शनवर सिनेमे पाहण्यात गेलं, त्यांनी ते सगळे वाढीव वेगाने पाहिलेत. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा. आपलं टीव्ही प्रक्षेपण पाल पद्धतीचं, म्हणजे सेकंदाला 25. ते जुळवायला सिनेमा सरळ 25ने चालवत. वेग चार टक्क्यांनी जास्त, आवाजाची पट्टी किंचित चढी, आणि अडीच तासांचा सिनेमा 144 मिनिटांत खलास. सहा मिनिटं हवेत विरली. कुणाला पत्ता लागला? गाण्यांच्या पट्टीबद्दल छाती ठोकून बोलणाऱ्यांनाही नाही.

मूकपटांचं तर विचारूच नका. कॅमेरा हाताने फिरवायचा, त्यामुळे सोळा चित्रांपासून पुढे काहीही. दाखवणाराही आपल्या सोयीने वेग ठरवायचा. चोवीसचा आकडा पक्का झाला तो 1920 च्या दशकाच्या शेवटी, बोलपट आल्यावर, आणि तोही आवाज नीट यावा म्हणून. कलेसाठी नव्हे.

रीळवाला

शंकासुर बरोबर बोलताहेत, थोडी भर घालतो. मी बावीस वर्षं प्रोजेक्टर चालवला.

आमच्या वेळी वेगाला हात लावता यायचा नाही. मोटर एका वेगाची, आणि जरा इकडेतिकडे झालं की हिरो बायकी आवाजात बोलायचा आणि खाली शिट्ट्या. मिनिटाला 90 फूट फिल्म जायची. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं. वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरं मशीन तयार ठेवायचं, दुसऱ्या ठिपक्याला बदलायचं. प्रेक्षकांना तो ठिपका कधी दिसायचा नाही. मला आजही घरी जुना सिनेमा लागला की आधी ठिपका दिसतो आणि हात हलतो.

वेग नाही, पण कात्री चालायची. दिग्दर्शकाला कोण विचारतो? सिनेमा तिसऱ्या आठवड्यात गेला की मालक म्हणायचा, शेवटच्या खेळाला ते दुसरं गाणं काढ, लोकांची गाडी चुकते. काढायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी परत जोडायचो. एकदा जोडायचं राहिलं आणि आठवडाभर नायिका लाल साडीत खोलीत शिरायची आणि हिरव्या साडीत बाहेर पडायची. एकही तक्रार आली नाही.

तेव्हा निवांतताई, दिग्दर्शकाने ठरवलेला वेळ वगैरे मला मान्य आहे, पण तो प्रेक्षकापर्यंत धड पोचायचा हे काही खरं नाही.

घाईत_आहे

रीळवाला, मानलं! आता बोला, निवांत. तुम्ही ज्याला ‘खरा सिनेमा’ म्हणता त्यातलीसुद्धा साडी बदलून जायची.

निवांत

मोटर बिघडायची, गाडी चुकायची, बाळ रडायचं. या अडचणी होत्या, आवड नव्हती. रीळवाल्यांना ते गाणं कापायची हौस नव्हती. तुम्ही मात्र पुढ्यात अख्खा सिनेमा असताना, हातात वेळ असताना तो दाबून लहान करताय, आणि वर ‘संथ आहे’ म्हणताय. आणि शंकासुर, चार टक्के आणि पन्नास टक्के एकाच तागडीत टाकू नका. जिना चढणं आणि खिडकीतून उडी मारणं, दोन्हींत माणूस जागा बदलतो म्हणून सारखंच?

लांब सिनेमा माणसाला सवय लावतो हो. बेला तार यांचा ‘शातानतांगो’ (1994) सव्वासात तासांहून मोठा आहे. सुरुवातीलाच गाई गोठ्यातून बाहेर पडतात आणि रिकाम्या वस्तीतून भटकत जातात, एका शॉटमध्ये, जवळजवळ आठ मिनिटं. पहिल्या मिनिटाला मी चुळबुळत होते. चौथ्या मिनिटाला भिंतींचे पोपडे बघायला लागले. तोवर कुणी माणूस आलेलाच नव्हता आणि मला त्याची गरजही वाटेनाशी झाली होती.

बाळबोध

439 मिनिटं आहे तो. दीडपट लावला तरी जवळजवळ पाच तास. गाईंना अर्धा ठेका कमी करा म्हणावं.

कानसेन

या धाग्यात सगळे वेग ‘वाढवण्याबद्दल’च बोलताय म्हणून लिहितो. मी पाऊणपट वेगाने पाहतो. डावा कान गेलेला, उजव्याला यंत्र. घाईघाईने बोलणारी पात्रं मला साध्या वेगात कळतच नाहीत आणि सबटायटल वाचायला गेलो की चेहरे सुटतात. पाऊणपटीत दोन्ही साधतं.

नेटफ्लिक्सने 2019 मध्ये ही वेग बदलायची सोय चाचणीसाठी काढली तेव्हा जड ॲपटाव, ब्रॅड बर्ड अशा दिग्दर्शकांनी जाहीर विरोध केला होता. 2020 मध्ये अँड्रॉइड फोनवर ती आलीच, अर्ध्यापासून दीडपटीपर्यंत. अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या आणि अंधांच्या राष्ट्रीय संघटनांनी तेव्हा तिचं स्वागत केलं होतं. निवांत म्हणतात ते सौंदर्य वगैरे मला समजतं. पण ज्याला पहिलं वाक्यच ऐकू आलं नाही त्याला त्यानंतरची शांतता काय सांगणार?

निवांत

कानसेन, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमच्याशी वाद नाही. ती सोय राहिलीच पाहिजे.

घाईत_आहे यांच्याशी मात्र आहे. त्यांचे कान ठणठणीत दिसतात.

एकच विनंती करते. ‘कोर्ट’ पुन्हा सगळा नका पाहू. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष तेवढी पाहा, साध्या वेगात. मग वाटेल ते लिहा.

घाईत_आहे

पाहिली. काल रात्री. लिहायला एक दिवस घेतला कारण लगेच लिहिलं असतं तर तुम्ही जिंकल्यासारखं झालं असतं.

ती बाई प्रश्न संपल्यावर लगेच बोलत नाही. दीडपटीत ते मला कळलंच नव्हतं. तिथे ती भराभर उत्तरं देणारी, जरा निगरगट्ट साक्षीदार वाटली होती. तसं मनात नोंदवूनही ठेवलं होतं मी. साध्या वेगात ती प्रत्येक प्रश्नाला आधी थांबते. नवरा दारू प्यायचा का, हो. का, तर वास सहन व्हावा म्हणून. हे ती ज्या सुरात सांगते त्यात रडणं नाही, तक्रारही नाही, रेशनकार्डावरचं नाव सांगावं तसं. आणि ते थांबणं दुःखाने आहे की कोर्टाच्या भीतीने, की प्रश्नातली भाषाच तिची नाही म्हणून, ते मला तीनदा मागे नेऊन पाहिलं तरी ठरवता आलं नाही. वाक्य एकही सुटलं नव्हतं हे खरं, पण माणूस चुकीचा कळला होता. तेवढ्यापुरतं माझं मत मागे घेतो.

तेवढ्यापुरतंच. रहस्यपट आणि युद्धपट यांबद्दल एक अक्षर बदलणार नाही. तो रहस्यपट साध्या वेगात पाहिला असता तर मला खुनी विसाव्याऐवजी तिसाव्या मिनिटाला कळला असता, बाकी काही नाही. ज्या सिनेमात थांबण्यात काही ठेवलेलंच नाही तिथे मी कशासाठी थांबू? आणि कुठल्यात ठेवलंय हे पाहण्याआधी कळत नाही, ही अडचण मला कळते. तिच्यावर उपाय सापडलेला नाही. सध्या पहिली पंधरा मिनिटं साध्या वेगात पाहायची आणि मग ठरवायचं असं करून बघतोय.

आणि शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, कर्मचारी खिडक्या लावतो, दिवे मालवतो, दार बंद होतं आणि पडद्यावर नुसता अंधार राहतो, तो शॉट साध्या वेगातही मला लांबच वाटला. टीव्ही बिघडला समजून मी उठलो होतो.

निवांत

2015 मध्ये थिएटरात पाहिला तेव्हा त्याच जागी आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी मागे वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे पाहिलं होतं. मीसुद्धा.

रीळवाला

त्या खिडकीत तोवर कुणी उरलं नव्हतं, ताई. सकाळी कॉम्प्युटरवर लावून ठेवायचे.