मदत हवी आहे : तपासाचं (इन्व्हेस्टिगेशन) प्रशिक्षण सोलापुरात कुठे मिळेल?

टॉवेलनगरी
नमस्कार मंडळी. मला इन्व्हेस्टिगेशनचा कोर्स करायचाय. सोलापुरात असला तर उत्तम, नाहीतर पुणे चालेल, हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येता येईल असा. शिकवणारे स्वतः काम केलेले पाहिजेत, म्हणजे वकील, रिटायर्ड पोलीस अधिकारी, फॉरेन्सिकवाले. स्लाइड वाचून दाखवणारे नकोत, तसला एक वेबिनार झालाय करून. सर्टिफिकेट पाहिजे. फी कंपनी देणार आहे. महिन्याच्या आत व्हायला हवं. गुगल नुसतं दिल्ली-बंगळुरू दाखवतंय. माहिती असेल तरच लिहा, 'वाचतोय' वगैरे नको.

शेंगाचटणी
वाचतोय.

भीमाकाठ
कसलं इन्व्हेस्टिगेशन ते तर सांगा. डिटेक्टिव्ह एजन्सी काढायचीय, बँकेतला फ्रॉड शोधायचाय, की विम्याचे क्लेम बघायचेत? शिक्षण काय, नोकरी कुठं? डॉक्टरकडं जाऊन नुसतं 'गोळी द्या' म्हटल्यासारखं झालं हे.

माजी_ठाणेअंमलदार
तीस वर्षं खात्यात काढली, त्यावरून सांगतो. तपास वर्गात बसून येत नाही, ठाण्यात येतो. पंचनामा कसा लिहायचा हे मला एका हवालदारानं शिकवलं, कुठल्या प्रोफेसरानं नाही. केगावला आपलं पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, नाशिकला अकादमी आहे, पण तिथं बाहेरच्याला दार बंद. केंद्राच्या डिटेक्टिव्ह ट्रेनिंग संस्था आहेत, हैदराबाद, कोलकाता, चंदीगड, गाझियाबाद, जयपूर. त्याही पोलिसांसाठीच. त्यामुळं खासगी माणसाला कोणी 'पोलीस तपास शिकवतो' म्हणालं तर आधी त्याचीच चौकशी करा.

विडी_घरकुल
माझ्या मेव्हण्यानं जीडीसी अँड ए (सहकार आणि लेखा पदविका) केलं. सहकारी संस्थांचं ऑडिट मिळतं, घरबसल्या काम, रिटायरमेंटनंतरही चालतं. तुम्ही तेच करा. अर्ज कधी निघतात ते बघून ठेवा.

टॉवेलनगरी
विडी घरकुल, धन्यवाद, पण ऑडिट नाही करायचंय वो. भीमाकाठ, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात पर्सोनेलला आहे. सूत चोरीला जातंय. मालक म्हणाले शिकून ये आणि चौकशी कर. एवढं साधं आहे. आता कोर्स सांगा.

काळाकोट
साधं अजिबात नाही. चार गोष्टी विचारतो, आधी त्यांची उत्तरं द्या. एक, पोलिसांत तक्रार दिली का? दोन, कोणावर संशय आहे आणि त्याला कामावरून बसवलंय का? तीन, चौकशी अधिकारी तुम्हीच होणार का? चार, कारखान्यात युनियन आहे का?

सूक्ष्मदर्शी
मी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत शिकते. तशाच संस्था मुंबई आणि नागपूरला आहेत, पण तिथं पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रम असतात, महिन्याभरात होणारं काही नाही. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे छोटे कोर्स असतात, त्यांची साइट बघत राहा. पण दादा, सीसीटीव्ही आहे का कारखान्यात? असेल तर कोर्स राहू द्या, आज डीव्हीआरमधलं फुटेज बाहेर काढा. हार्डडिस्क भरली की जुनं पुसून त्यावरच नवं रेकॉर्ड होतं. कोर्स होईपर्यंत पुरावा गेलेला असेल.

टॉवेलनगरी
सीसीटीव्ही आहे. मोबाईलवर शूट करून ठेवलंय, स्क्रीनसमोर धरून. एक गडी गोदामातून गोणी खांद्यावर घेऊन जाताना दिसतोय, वेळ ४ वाजून १० मिनिटं. शिफ्ट चारला सुटते. म्हणजे सुटी झाल्यावर नेतोय, स्पष्ट आहे. त्याला घरी बसवलाय. त्यानं लिहून पण दिलंय कबूल आहे म्हणून. पोलिसांत नाही गेलो, मालकांना नको आहे. युनियन आहे.

काळाकोट
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आणि ते कबुलीचं लिहून कोणी, कुठे, किती वाजता घेतलं?

टॉवेलनगरी
मालकांचे मेहुणे बघतात ते सगळं. केबिनमध्ये घेतलं, संध्याकाळी. लिहून देईपर्यंत बसवून ठेवलं होतं म्हणे, मी घरी गेलो होतो. चौकशी अधिकारी मीच. फुटेज पण मीच बघितलं, म्हणून तर मला सांगितलं.

काळाकोट
म्हणजे फुटेज पाहिलेला साक्षीदार तुम्ही, तक्रार वर नेणारे तुम्ही, आणि निवाडा देणारेही तुम्ही. कामगार न्यायालयात पहिल्या तारखेला ही चौकशी उडेल. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ शकत नाही, यावर अख्खं डोमेस्टिक एन्क्वायरीचं (कारखान्यातल्या अंतर्गत चौकशीचं) शास्त्र उभं आहे. तुम्ही व्यवस्थापनाची बाजू मांडणारे होऊ शकता किंवा साक्षीदार. चौकशी अधिकारी तिसरा माणूस लागतो, ज्यानं यातलं काही पाहिलेलं नाही.

आणि तो कबुलीचा कागद फार मिरवू नका. माणसाला केबिनमध्ये अडवून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. उद्या त्यानंच तक्रार दिली तर मेहुणे आरोपी होतील.

माजी_ठाणेअंमलदार
वकीलसाहेब, कागदाची भीती घालू नका. विचारल्याशिवाय कोण सांगतो? नोकरानं मालकाचा माल नेला तर न्याय संहितेचं कलम ३०६, सात वर्षांपर्यंत शिक्षा. सरळ तक्रार द्या, बाकीचं ठाण्यात बघतील.

काळाकोट
काका, तुमच्यासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे इंग्रजांच्या काळापासून कायद्यात आहे. पूर्वीचं कलम २५, आता साक्ष्य अधिनियमाचं २३. ते का घातलं असेल?

माजी_ठाणेअंमलदार
आणि आम्ही जप्त केलेला माल कोर्टात चालतो तो कोणाच्या कष्टावर? तुम्ही तारखा घेता तेवढ्यात आमचे पंच म्हातारे होतात.

लेस्टरकर
मी मूळचा सात रस्त्याचा, आता इंग्लंडमध्ये नोकरी. इकडे पोलिसांनी दरडावून कबुली घेण्याची पद्धत मोडीत काढली त्याला तीसेक वर्षं झाली. बॉम्बस्फोटांत जबरदस्तीच्या कबुलीवरून शिक्षा झालेले निर्दोष गिल्डफर्ड फोर १९८९ ला सुटले, तसेच बर्मिंगहॅम सिक्स १९९१ ला, तुरुंगात पंधरा-सोळा वर्षं काढून. त्यानंतर 'पीस' नावाची मुलाखतीची पद्धत आली. आधी तयारी, मग माणसाला मोकळं करून कशासाठी बोलावलंय ते सांगणं, मग त्याला त्याच्या शब्दांत पूर्ण हकीगत सांगू देणं, मध्ये तोंड न घालता, मग शेवट, आणि नंतर मिळालेल्या माहितीचं मूल्यमापन. आमच्या कंपनीत एचआरला हे ट्रेनिंग एक निवृत्त डिटेक्टिव्ह आणि एक बॅरिस्टर मिळून देतात. बॅरिस्टर उलटतपासणी घेतो तेव्हा भले भले मॅनेजर घामाघूम होतात. ऑनलाइन बॅचेस असतात, पण फी पौंडात.

शेंगाचटणी
लेस्टरात कडक भाकरी मिळते का वो?

लेस्टरकर
मिळते, पण ज्वारीचं पीठ महाग. येताना गावाकडून आणतो.

लालबावटा
युनियनच्या बाजूनं लिहितो. ज्याला घरी बसवलंय त्याला लेखी सस्पेन्शन दिलंय का? निर्वाह भत्ता सुरू आहे का? पहिले ९० दिवस अर्धा पगार, नंतर पाऊण, हे मालकांना माहीत आहे का? चार्जशीट दिली का? कोर्सला पैसे आहेत आणि भत्त्याला नाहीत असलं बरंच बघितलंय आम्ही. चौकशीत त्याला सोबत सहकारी किंवा आमचा प्रतिनिधी घेता येतो, तेही लक्षात ठेवा. आम्ही येणार.

टॉवेलनगरी
लेखी काही दिलेलं नाही अजून. सगळे माझ्यावरच काय घसरायलेत, मी फक्त कोर्स विचारला.

ताणाबाणा
पंचवीस वर्षं लूमवर आणि गोदामात गेली माझी. एक बारीक प्रश्न : सूत चोरीला जातंय हे कशावरून ठरवलं? किलोत कमी भरलं म्हणून, की कोन (सूत गुंडाळलेले पुठ्ठ्याचे शंकू) मोजून?

टॉवेलनगरी
वजनावर. आलेलं सूत वजा तयार टॉवेल वजा वेस्ट. मार्चपासून फरक वाढत चाललाय.

ताणाबाणा
मार्चपासून. मग बसा आणि निवांत वाचा. कापसाच्या सुताचं वजन हवेतल्या ओलाव्यावर हलतं. व्यवहारात साडेआठ टक्के ओलावा धरतात. म्हणजे हाडासारख्या कोरड्या १०० किलो सुताचं बिल १०८.५ किलोचं होऊ शकतं, आणि त्यात लबाडी काही नाही, जगभर तसंच चालतं. आता ते सूत आपल्या गोदामात एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली पडलं, बाहेर ४२-४३ डिग्री. ओलावा उडाला की वजन उतरलं. तुम्ही पावतीवरचं वजन धरलं आणि टॉवेल मोजले उन्हाळ्यात वाळलेले. वर साइझिंगची (विणण्याआधी सुताला लावलेली) खळ धुण्यात जाते, डाइंगला तंतू जातो, जमिनीवरचं फ्लफ कोणी वजन करत नाही. दोन-चार टक्के तर असेच जातात. चोरी नसेलच असं म्हणत नाही मी. पण आधी पोती फोडून कोन मोजा, ओलावा मोजायचं मीटर कोणाकडून तरी मागून आणा, आणि गेल्या वर्षीचे हेच तीन महिने काढून बघा. त्या वेळी हा गडी कामाला होता का?

काळाकोट
ताणाबाणा, तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलवायला हवं. वीस वर्षांच्या वकिलीत असलं उत्तर ऐकलं नव्हतं.

सूक्ष्मदर्शी
मोबाईलवर शूट केलेल्या फुटेजबद्दल. ते पुरावा म्हणून लंगडं आहे. मूळ फाइल डीव्हीआरमधून त्याच्याच फॉरमॅटमध्ये पेनड्राइव्हवर घ्या, घेताना हॅश व्हॅल्यू (फाइलची आकडी ओळखखूण, फाइल बदलली की तीही बदलते) काढा, दोन माणसांसमोर कागद करा. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्यात कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं द्यायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि हॅश त्यात लिहायची असते. जुन्या कायद्यात हेच ६५-ब होतं, २०२० च्या अर्जुन खोतकर निकालात सुप्रीम कोर्टानं ते बंधनकारक असल्याचं ठामपणे सांगितलं.

आणि डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का, ते तपासा. खऱ्या वेळेशी फरक किती, ते लिहून ठेवा. लाइट गेली-आली की बऱ्याच मशीनचं घड्याळ बिघडतं.

काळाकोट
खात्यांतर्गत चौकशीला साक्ष्य कायदा काटेकोर लागू होत नाही, शक्यतेचं पारडं कुठं झुकतं एवढंच बघतात. पण पुढं पोलिसांत जायची वेळ आली तर ताई म्हणते तेच खरं. म्हणून आत्ताच नीट करा.

माजी_ठाणेअंमलदार
घड्याळाचं मात्र खरं आहे. आमच्याही एका केसमध्ये आरोपी त्या वेळेला दवाखान्यात होता.

बिनधास्त_बार्शी
याच धाग्यावर विचारतो. बायको माहेरी जाऊन कोणाशी बोलते ते कळण्यासाठी तिचे कॉल रेकॉर्ड कोण काढून देतं? सोलापुरात एजन्सी आहे का?

काळाकोट
असला नाद करू नका. २०१८ ला ठाणे शहरात कॉल डिटेल्सची खरेदी-विक्री केली म्हणून खासगी डिटेक्टिव्हनाच अटक झाली होती. खासगी गुप्तहेरांचं नियमन करणारं विधेयक २००७ ला राज्यसभेत आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. तेव्हा 'सरकारमान्य डिटेक्टिव्ह' अशी पाटी दिसली तर पाटीकडेच संशयानं बघा.

शेंगाचटणी
बार्शी, त्यापेक्षा सासुरवाडीला जाऊन या.

टॉवेलनगरी
आज जाऊन बघितलं. डीव्हीआर २५ मिनिटं पुढं चाललाय. म्हणजे तो गडी गेला तेव्हा पावणेचार झाले होते, शिफ्ट चालू होती. त्या वेळेला वेस्टच्या गोण्या मागच्या शेडमध्ये टाकायचं काम त्याचंच असतं, सुपरवायझरनं सांगितलं. गोणीत काय होतं ते फुटेजमध्ये कळत नाही. मूळ फाइल घेतली, सुपरवायझर आणि एक लेखनिक दोघांच्या सह्या घेतल्या. सूक्ष्मदर्शी ताई, हॅश कसली काढू, त्यात दोन-तीन पर्याय दाखवतंय?

सूक्ष्मदर्शी
एसएचए-२५६ काढा. नाव आणि आकडा जसाच्या तसा कागदावर उतरवा.

लालबावटा
आता त्या गड्याला कामावर कधी घेता ते बोला.

टॉवेलनगरी
माझ्या हातात आहे का ते? मालकांशी बोलतो म्हटलंय ना. पण कोर्सचं राहिलंच. कोणीतरी सरळ नाव सांगा.

काळाकोट
तुमच्या कामाचं सांगतो. पर्सोनेलला राहायचं असेल तर कामगार कायद्याचा डिप्लोमा, डीएलएल अँड एलडब्ल्यू. केला नसेल तर तो करा, इथल्या लॉ कॉलेजात चौकशी करा. मुंबईला परळची नारायण मेघाजी लोखंडे श्रम विज्ञान संस्था आहे, तिथंही विचारा. छोटं हवं असेल तर पर्सोनेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय संस्थेच्या शाखा डोमेस्टिक एन्क्वायरीवर कार्यशाळा घेतात, पुण्यात विचारून बघा. फ्रॉडच्या बाजूला जायचं असेल तर सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर, पण परीक्षा इंग्रजीत, फी डॉलरमध्ये, अन् महिन्यात होत नाही. सीएंच्या संस्थेचा फॉरेन्सिक अकाउंटिंगचा कोर्स फक्त सीएंना.

कुठलाही क्लास घेण्याआधी माहितीपत्रक मागवा. त्यात अजून ६५-ब आणि सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, तीही २०२४ ला बदलली) लिहिलं असेल तर त्या माणसानं नवे कायदे आल्यापासून कोर्टाचं तोंड बघितलेलं नाही असं समजा. दुसरं, अभिरूप चौकशी घेतात का ते विचारा. म्हणजे तुम्हाला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवून खराखुरा वकील उलटतपासणी घेतो का. नसेल तर तो परत वेबिनारच.

माजी_ठाणेअंमलदार
आणि पंचनामा हातानं लिहून घेतात का, तेही विचारा. टाइप करून घेणारे क्लास बघितलेत मी. ज्याला जागेवर उभं राहून लिहिता येत नाही त्याला काय शिकवणार.

विडी_घरकुल
जीडीसी अँड ए मराठीतूनही देता येतं, लक्षात असू द्या.

टॉवेलनगरी
काळाकोट सर, धन्यवाद. मालकांशी बोललो. कोन मोजायला घेतलेत, ताणाबाणा काकांचा हिशेब त्यांना पटला, पण मेहुणे चिडलेत. बाहेरचा चौकशी अधिकारी नेमायला तयार आहेत, पण पहिला प्रश्न, त्याची फी किती?

काळाकोट
बहुतेक जण बैठकीप्रमाणे घेतात, शिवाय अहवालाचे वेगळे. लेखी ठरवून घ्या. पण चौकशीला बसण्याआधी कोन मोजून होऊ द्या.

ताणाबाणा
मोजताना आतले कोनसुद्धा काढून बघा. वरच्या थरात भरलेले आणि खाली रिकामे पुठ्ठे, हा प्रकार पुरवठादाराकडूनच होतो कधी कधी.