'इट' मधे की शेवटी?

इंग्रजीत 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' (दिवा बंद कर) दोन्ही चालतं, तेव्हा क्रियापद आणि 'ऑफ'सारख्या छोट्या शब्दाच्या क्रमाची चिंता नको, असं काही जण म्हणतात. नामापुरतं ते बरोबर आहे. सर्वनाम आलं की मात्र ही मुभा संपते: 'टर्न इट ऑफ' एवढंच बरोबर, 'टर्न ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर'च्या मधे 'इट' घालता येत नाही, 'लुक आफ्टर इट' असंच म्हणावं लागतं. 'ऑफ' इथे क्रियापदाला चिकटलेलं आहे, 'आफ्टर' पुढच्या नामाला बांधलेलं. सगळा फरक तिथून येतो.

छोटा शब्द कुणाला चिकटलाय हे ओळखायला सोपी चाचणी म्हणजे क्रियापद आणि त्याच्या मधे एक क्रियाविशेषण टाकून बघा. 'लुक केअरफुली ॲट द मॅप' जमतं, म्हणजे 'ॲट' नामाला बांधलेलं; 'टर्न क्विकली ऑफ द लाइट' जमत नाही, म्हणजे 'ऑफ' क्रियापदाला चिकटलेलं. दिसायला सारख्या जोड्यांत तर हे फार उपयोगी पडतं. 'रॅन अप अ हिल' म्हणजे टेकडी धावत चढली, 'रॅन अप अ बिल' म्हणजे उधारी वाढवली; यातल्या फक्त बिलाबद्दलच 'रॅन इट अप' म्हणता येतं. बोलताना जोरही ऐका: 'पिक इट अप'मध्ये तो 'अप'वर असतो, 'लुक ॲट इट'मध्ये 'लुक'वर. 'पुट अप विथ' (सहन करणे) सारख्या तीन शब्दांच्या रचनेत 'इट' शेवटीच.