एस्पेरान्तोतल्या ‘शाति’चं मूळ: कोणता कोश घेऊ?

कोळंबीभात: चार महिने एस्पेरान्तो ही मुद्दाम रचलेली भाषा शिकतेय. ‘आमि’ म्हणजे प्रेम करणे, ते लॅटिनवरून आलं हे दिसतंच. पण ‘शाति’ (आवडणे) कुठून आलं? धातूंची मुळं सांगणारा कोश सुचवा. छापील, एकच खंड, ८०० रुपयांपर्यंत.

उत्तररात्र: विल्बोर्गचा ‘एतिमोलोगिया वोर्तारो’. डोळे मिटून घ्या. पाच खंड, १९८९ ते २००१. माझ्याकडे पाचही आहेत.

कोळंबीभात: एकच खंड म्हटलं होतं हो.

पोस्टमन_आला: मी नुसता पहिला मागवला होता. दोन महिन्यांनी आला, तोही कोपरे चेपलेला. ‘श’ निघाला पाचव्यात! तेव्हापासून पहिला खंड टेबलाच्या पायाखाली.

वेदपाठी: कोश कशाला? ‘एस्तास’ म्हणजे आहे. आपलं ‘अस्ति’च की. एस्पेरान्तो रचणाऱ्या झामेनहॉफने संस्कृतातूनच उचललंय सगळं.

निवांत: काका, त्यांचं पहिलं पुस्तक १८८७ सालचं, वॉर्साचं. शब्द घेतले ते लॅटिन, फ्रेंच, जर्मन, रशियन, पोलिश अशा जवळच्या भाषांतून. ‘अस्ति’ चुलत झाला, बाप नव्हे.

वेदपाठी: चुलत तर चुलत. घराणं एकच ना?

आंबेहळद: मूळ प्रश्न राहिलाच. ‘शाति’ जर्मन ‘शेट्सन’वरून, म्हणजे मोल जाणणे, कदर करणे. म्हणून तर ‘मालशाति’ म्हणजे साधं नावडणं नाही, तुच्छ लेखणं. एकखंडी हवा तर शेर्पियोचा ‘कोन्त्सिझा’ बघा. ८०० विसरा मात्र.

उत्तररात्र: तरी विल्बोर्गच.

पोस्टमन_आला: विल्बोर्गला +१. (टेबल अजिबात हलत नाही.) आणि ‘क्रोकोदिलि’ माहितीय का कुणाला? एस्पेरान्तोवाल्यांच्या घोळक्यात बसून आपल्याच मातृभाषेत बोलणे. म्हणजे मगरणे! या धाग्यावर आपण सगळे तेच करतोय.

निवांत: धागा भरकटला.

कोळंबीभात: सर्वांचे आभार. काल अप्पा बळवंत चौकातून जुना जर्मन-इंग्रजी कोश आणला, २५० रुपये. ‘शेट्सन’ सापडलं. ‘फायफि’चं (शिट्टी वाजवणे) ‘फाइफन’ही सापडलं. विल्बोर्ग राहू दे.

उत्तररात्र: आणि ‘क्लोपोदि’? खटपट करणे. ते रशियन ‘ख्लोपोतात्’वरून आलंय. जर्मन कोशात जन्मभर शोधत बसाल.

कोळंबीभात: रशियन कोश १८० ला देतो म्हणालाय. शनिवारी जाते.