जोडीची ब्लड बाउल स्पर्धा, नागपूर: ड्वार्फ आणि स्केव्हन चालतील का? भिडूचा स्कोअर बघून आपला डाव कधी बदलायचा?

प्रतापनगरचा_गटर_रनर

मंडळी, मे महिन्यात नागपुरात जोड्यांची ब्लड बाउल (फुटबॉल आणि मारामारी मिसळलेला सोंगट्यांचा बोर्डगेम) स्पर्धा होऊन राहिली. एकेरीचा सराव आहे, जोडीचा नाही. नियमपत्रकातलं कामाचं तेवढं देतो:

२०२० च्या आवृत्तीचे नियम. प्रत्येक कोचला, म्हणजे खेळणाऱ्याला, टीम घ्यायला खेळातले ११ लाख ५० हजार. जोडीतल्या दोघांची रेस (टीमची जमात) वेगळी हवी. प्रत्येकी ६ प्राथमिक स्किल (त्या प्रकारच्या खेळाडूला सहज मिळणारी), एका खेळाडूला एकच. ३ फेऱ्या, एक फेरी २ तास १५ मिनिटांची. टेबलावर जिंकलं तर २, बरोबरी १, हरलं तर ०. दोघांची बेरीज ३ किंवा ४ झाली तर फेरी आपली, २ झाली तर फेरी बरोबरीत. टॉस हरलेली जोडी आपला एक कोच पहिल्या टेबलावर बसवणार, त्याच्यासमोर कोण बसायचं ते जिंकलेली जोडी ठरवणार. पिच आपलं आपण आणायचं.

डोक्यात ड्वार्फ (संथ, दणकट बुटके) आणि स्केव्हन (चपळ उंदीर) आहे. विचारायचं असं की ही जोडी जमते का, रोस्टर (टीमची यादी) कसं बसवावं, आणि एका टेबलावर पडझड सुरू झाली तर दुसऱ्यानं नेमकं काय बदलायचं? पिचसाठी काही स्वस्त तोडगा असेल तर तोही सांगा.

डबलस्कल_सदर

जोडी चांगली आहे भाऊ, पण "एक मारणारी, एक पळणारी" म्हणून नाही. ड्वार्फचं टेबल सहसा १-० नाही तर १-१ वर अडकतं, क्वचितच कोसळतं. स्केव्हनचं टेबल कुठेही जाऊ शकतं. एक टेबल संथ आणि भरवशाचं असलं की दुसऱ्याला जोखीम घ्यायला जागा मिळते. दोन्ही उडाणटप्पू टीम घेतल्या की बेरीज ०, २ की ४ होणार ते फाशांवर, आणि हातात काही राहत नाही.

ड्वार्फ, आकडे हजारात: ६ ब्लॉकर ४२०, २ रनर १७०, २ ब्लिट्झर १६०, २ ट्रोल स्लेयर १९०. बारा खेळाडू, ९४० झाले. ३ रीरोल (फासा पुन्हा टाकायची संधी) १५०, अपॉथेकरी (जखमींचा वैद्य) ५०, उरलेल्या १० मध्ये एक असिस्टंट कोच. बरोबर ११५०. स्किलमध्ये ४ ब्लॉकरना गार्ड (शेजारच्याला धडकेत मदत), एका स्लेयरला माइटी ब्लो (आर्मर फोडायला मदत), एका रनरला ब्लॉक (धडकेत स्वतः न पडण्याचं स्किल). ब्लॉकरला आणखी ब्लॉक किंवा टॅकल शोधू नका, दोन्ही त्याला जन्मजात आहेत.

स्केव्हन: ४ गटर रनर ३४०, २ ब्लिट्झर १८०, ८ लाइनमन ४००. चौदा खेळाडू, ९२०. ३ रीरोल १५०, अपॉथेकरी ५०, उरलेल्या ३० चे तीन असिस्टंट कोच. थ्रोअर आणि रॅट ओगर मुद्दाम नाहीत. चौदा डोकी कशाला ते आकड्यांत बघा. स्केव्हन लाइनमनचं आर्मर ८+, म्हणजे पडला की दोन फाशांच्या ३६ पैकी १५ वेळा फुटतं, ४२ टक्के. मारणाऱ्याकडे माइटी ब्लो असेल तर ५८ टक्के. ड्वार्फ ब्लॉकरचं १०+, तो फुटतो १७ टक्के, माइटी ब्लोसमोर २८. दुसऱ्या हाफला सात-आठ उंदीर घेऊन उभं राहणं हीच स्केव्हन हरण्याची नेहमीची रीत आहे. स्किल: दोन्ही ब्लिट्झरना गार्ड, एका गटर रनरला शुअर हँड्स कारण थ्रोअर नाही, एकाला ब्लॉक, एका लाइनमनला किक, एकाला रेसल.

टॉसचं उगाच टेन्शन घेऊ नका. दोन विरुद्ध दोनमध्ये मांडण्या दोनच होतात. हरलेल्या जोडीनं कोणालाही बसवलं तरी समोरच्याच्या हातात त्याच दोन मांडण्या राहतात, त्यामुळे "कोणाला आधी बसवू" यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. टॉस जिंकलात तर काय हवं ते मात्र आधीच पक्कं असू द्या. ड्वार्फ डॉजवाल्या टीमसमोर: वुड एल्फ, अॅमेझॉन. टॅकलमुळे त्यांचं डॉज स्किल निकामी होतं. समोर दोन्ही टीम मारक्या असतील तर जिच्याकडे माइटी ब्लो जास्त ती ड्वार्फला द्या, वर दिलेल्या टक्क्यांमुळेच.

महालचा_रेफरी

रोस्टरवर बोलायचं नाही, ठीक आहे. माझ्या मते खरा प्रश्न तिसरा आहे.

आधी हे लक्षात घ्या की दोन्ही टेबलांनी आपला डाव बदलायचा नसतो. बदलायचा तो स्केव्हनवाल्यानं. ड्वार्फ ब्लॉकर चार घरं चालतो, दोन रशसह (फासा टाकून मिळणारी जादा घरं) सहा. बॉल एकदा मागे निसटला की बॉलवाल्याभोवतीचा माणसांचा पिंजरा मोडून गोल करायला पळणं त्याला जमतच नाही. त्यानं आठव्या टर्नला टचडाउन हाच कार्यक्रम धरून ठेवावा. स्केव्हन दोन टर्नमध्ये गोल करतो, म्हणून हिशेब बघून वळायचं काम त्याचं.

आता एक जागा घ्या. दुसऱ्या हाफची सातवी टर्न, स्कोअर १-१, बॉल तुमच्या गटर रनरकडे, शेजारी एक विरोधी खेळाडू. गोलला जायला एक डॉज (विरोधकाच्या शेजारून निसटणं) आणि दोन रश. पुढच्या घरांवर कोणाचा टॅकल झोन (शेजारच्या घरांवरचा पहारा) नाही आणि शेजारच्याकडे टॅकल नाही, असं धरू. २+ चा डॉज, पडला तर डॉज स्किलचा रीरोल: ३६ पैकी ३५. दोन रश, प्रत्येकी २+: ३६ पैकी २५. मिळून ६७-६८ टक्के. हातात एक टीम रीरोल असेल तर दोन रशचं गणित २१६ पैकी २०० होतं, आणि सगळं मिळून ९० टक्के. एका रीरोलनं ६८ चे ९० होतात. पहिल्या हाफचे रीरोल दुसऱ्या हाफात येत नाहीत आणि नव्या हाफला पूर्ण भरून मिळतात. तरी दुसऱ्या हाफच्या तिसऱ्या-चौथ्या टर्नला लाइनमनचा फालतू ब्लॉक वाचवायला रीरोल जाळणारे खूप.

या जागेवर आता भिडूचा निकाल ठेवा.

भिडू जिंकला आहे: तुमची बरोबरी पुरे, बेरीज ३. रीरोल नसेल तर पळू नका. बॉलवाल्याला मागे घ्या आणि चारही कोपऱ्यांना माणसं उभी करा. पळाला आणि पडला तर बॉल मोकळा, समोरच्याकडे एक-दोन टर्न शिल्लक, आणि हातची फेरी बरोबरीवर येते.

भिडूची बरोबरी: जिंकलं तर ३, बरोबरी तर २, हरलं तर १. रीरोल असेल तर जा. नसेल तर या टर्नला शेजारचा खेळाडू ब्लिट्झ (चालत जाऊन धडक) करून ढकला आणि आठव्या टर्नला गोल करा. तिथे डॉज लागणारच नाही असं बघायचं.

भिडू हरला: बरोबरी करून फेरी हरताच, फक्त जिंकून ती बरोबरीत येते. डोळे मिटून जा. मात्र आधी बाकीचे सुरक्षित ब्लॉक करून समोरच्याची माणसं पाडा, म्हणजे रश चुकला तरी बॉल उचलायला कोणी जवळ नसेल. टर्नओव्हरची (चाल फसून आपली टर्न तिथेच संपण्याची) भीती असलेली चाल नेहमी शेवटी.

चौथा प्रकार लोक विसरतात: भिडूचा सामना अजून चालूच आहे. तेव्हा ड्वार्फ १-० नं पुढे असेल तर ते जिंकलंच असं धरू नका, बरोबरी धरून खेळा.

ब्लॉकचंही सांगतो, इथेच जास्त चुका होतात. दोन फाशांचा ब्लॉक, मारणाऱ्याकडे ब्लॉक स्किल नसेल तर टर्नओव्हर ९ मध्ये १. स्किल असेल तर ३६ मध्ये १. एका फाशाचा ब्लॉक स्किलशिवाय ३ मध्ये १. स्केव्हन लाइनमनकडून एका फाशाचे ब्लॉक मारत राहणं म्हणजे दर तिसऱ्या वेळी टर्न फेकून देणं. तो फक्त मार्किंग करण्यासाठी आहे.

इतवारी_बोर्डगेमवाला

पिचचा तोडगा: फ्लेक्स. कार्यक्रमांच्या बॅनरचाच.

घर ३४ मिलिमीटरचं धरा, ३२ चे बेस व्यवस्थित बसतात. २६ घरं लांबी म्हणजे ८८४, १५ घरं रुंदी म्हणजे ५१०. ३ बाय २ फुटात, म्हणजे ९१४ बाय ६१० मध्ये, हे बसतं. लांब बाजूंना ५० मिलिमीटरची पट्टी उरते, त्यात टर्नचे १ ते ८ आकडे आणि रीरोलचे खण काढा.

फसतं इथे: फाइल ८८४ बाय ५१० ची देता आणि दुकानदार ती ताणून ३ बाय २ फुटात बसवतो. घर होतं ३५ बाय ४१, चौरस राहत नाही. म्हणून फाइलच ९१४ बाय ६१० ची करा, पांढऱ्या कडेसकट, आणि त्याला "ताणू नको" असं स्पष्ट सांगा. घेण्याआधी फूटपट्टीनं दहा घरं मोजा, ३४० आली पाहिजेत. मॅट घ्या, चकचकीतवर ट्यूबलाइट पडली की समोरच्याला रेघा दिसत नाहीत. रेघ १ मिलिमीटरची, गडद हिरव्यावर पांढरी.

घरी आणल्यावर उलट्या बाजूनं गुंडाळा आणि रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवा, नाहीतर कडा वर येतात आणि कोपऱ्यातला खेळाडू घसरतो. मे महिन्यात हॉलमध्ये कूलर असणारच. त्याच्या झोतात टेबल नको. रोस्टरचा कागद आणि स्कॅटर टेम्पलेट उडतात. रोस्टर प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घाला.

मिनी (सोंगट्या) न्यायला पत्र्याचा डबा आणि प्रत्येक बेसखाली ५ बाय २ मिलिमीटरचा चुंबक. डबा घेताना चुंबक खिशात ठेवा आणि दुकानात लावून बघा. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलच्या डब्यांना चुंबक चिकटत नाही, ३०४ ग्रेडला तर नाहीच. तुपा-तेलाच्या पत्र्याच्या डब्याला चिकटतो. पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी छापलेल्या मिनी गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका, साधारण ६० अंशांना ते मऊ पडतं आणि दुपारच्या डिक्कीत तेवढं होऊ शकतं. हाडकुळ्या गटर रनरचे पाय आधी वाकतात.

फासे: ३ ब्लॉकचे, २ सहा बाजूंचे, एक आठ बाजूंचा, एक सोळा बाजूंचा. २०२० च्या नियमांत कॅज्युअल्टी (जखम किती मोठी ते) सोळाच्या फाशावर आहे आणि तो हमखास घरी राहतो.

आणि तर्री पोहे पिचपासून हातभर लांब. फ्लेक्स पुसता येतो, रोस्टर नाही.

डबलस्कल_सदर

वेळेचं राहिलं. २ तास १५ म्हणजे १३५ मिनिटं. मांडणी आणि किकऑफला १५ गेली, उरली १२०. दोघांच्या मिळून ३२ टर्न. पावणेचार मिनिटं एका टर्नला. ड्वार्फवाला अकरा खेळाडूंचे ब्लॉक मोजत बसतो आणि सहा-सहा मिनिटं खातो, मग दुसऱ्या हाफच्या पाचव्या टर्नला वेळ संपते आणि आठव्या टर्नचा गोल कागदावरच राहतो. मोबाइलवर बुद्धिबळाचं घड्याळ लावा, प्रत्येकी ६० मिनिटं. पहिल्या हाफच्या आठव्या टर्नला ३० पेक्षा कमी उरली असतील तर ब्लॉक कमी करा, आधी बॉल हलवा.

प्रतापनगरचा_गटर_रनर

भरपूर मिळालं, आभार. एकच उरलं. सामना चालू असताना भिडूशी बोलायचं किती? आणि शेवटच्या टर्नला जिंकणं भागच असेल, बॉल आपल्या हाफात असेल, तर स्केव्हनला काही मार्ग?

महालचा_रेफरी

बोलण्याचं आयोजकांना पहिल्या फेरीआधी विचारा, अंदाज नको. बहुतेक ठिकाणी स्कोअर विचारता येतो, सल्ला देता येत नाही. "२-१, सातवी टर्न" एवढं बोला. "तो ब्लॉक नको मारू" म्हणालात की समोरचा आक्षेप घेणार, आणि रास्त घेणार. सल्ला लागेल ते आदल्या रात्री ठरवा: बरोबरी कोणत्या परिस्थितीत घ्यायची, कोणत्या टर्ननंतर धोका पत्करायचा.

एका टर्नचा गोल: मधल्या रेषेपासून गोलपर्यंत १३ घरं. गटर रनरची चाल ९, दोन रश धरून ११. दोन घरं कमी पडतात, ती साखळी ढकलीतून मिळवायची. ब्लॉक करून समोरच्याला मागे ढकलता, त्याच्यामागे तुमचाच गटर रनर उभा असतो, तो एक घर पुढे सरकतो. असं दोनदा. ढकलीतलं सरकणं चालीत मोजलं जात नाही, मोठी मेख हीच. त्यासाठी समोरच्याची माणसं मधल्या रेषेवर योग्य जागी उभी हवीत, आणि चांगला कोच रेषेवर तीनच ठेवतो, तीही मध्ये जागा सोडून. शिवाय बॉल उचलून त्याच्या हातात द्यायला दुसरा गटर रनर लागतो. म्हणजे उचलणं, देणं, ब्लॉक, दोन रश. घरी पिचवर सोंगट्या मांडून दहा वेळा करून बघा. कागदावर सोपं दिसतं, पण कोण कोणत्या दिशेला ढकलला जातो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय बसत नाही.